स्वतंत्र धंदा आणि म्हातारपणची तरतूद

सकाळीं नऊच्या सुमारास माजलगांवच्या रस्त्यानें दोन गृहस्थ आपापल्या कामास निघतात. एक साखर कारखान्याच्या कचेरींत लेखनिक आहे. दुसऱ्याचें मोंढ्यांत आडतीचें दुकान आहे. दोघांचें वय पस्तिशीच्या घरांतलें, दोघांचीं मुलें एकाच शाळेंत जाणारीं, आणि वर्षाकाठची प्राप्तीहि जवळजवळ सारखीच. वरवर पाहणारास दोघांच्या स्थितींत कांहींच अंतर दिसणार नाहीं. परंतु दर महिनाअखेरीस एक लहानसें अंतर पडत असतें, आणि तें पंचवीस वर्षें सांचत जाऊन शेवटीं फार मोठें होतें. लेखनिकाच्या हातीं पगार पडण्यापूर्वींच मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या शेंकडा १२ इतकी रक्कम भविष्य निर्वाह निधींत जमा होते, आणि मालकाला आपल्या पदरची तितकीच भर घालावी लागते. आडत्याच्या गल्ल्यांतून मात्र कोणी कांहीं कापून घेत नाहीं आणि त्यांत कोणी भरहि घालीत नाहीं. संध्याकाळीं जें उरेल तें सगळें त्याचेंच. हें स्वातंत्र्य मोठें गोड असतें. पण साठाव्या वर्षीं त्याचा हिशेब द्यावा लागतो.

बीड जिल्ह्यांत या आडत्याचे सोबती थोडे नाहींत. अंबाजोगाईस स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर, बीडच्या न्यायालयांत वकिली करणारा गृहस्थ, परळीचा किराणा दुकानदार, केजचा शिंपी, गेवराईचा कापूस पिकविणारा शेतकरी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर-पाटोद्याकडून पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरणारें ऊसतोड्यांचें जोडपें, हे सगळे या एका बाबतींत एकाच पंक्तीचे आहेत. त्यांना निवृत्तीची तारीख नाहीं, तसेंच निवृत्तीच्या दिवशीं हातांत पडणारी रक्कमहि नाहीं. पूर्वीं मुलगा आणि जमीन हीच म्हातारपणची पेन्शन समजली जाई. आज मुलगा पुण्यास असतो आणि जमीन वांटणींत तुकड्या-तुकड्यांनीं विभागलेली असते. तेव्हां निराळी तरतूद करणें भाग आहे, आणि ती करावयास निघालेल्या माणसाची पहिली गांठ पडते ती मर्यादेशीं. वर्षाला अमक्याहून अधिक भरतां येत नाहीं, तमक्याहून कमी चालत नाहीं, अमुक वयानंतर प्रवेश नाहीं, असे नियम त्याला ऐकावे लागतात. या मर्यादा कां घातल्या आहेत आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, हें समजल्यावांचून तरतुदीचा मार्ग नीट दिसत नाहीं.

कामगारांसाठीं भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालीं झाला. त्यांत मालक आणि नोकर असे दोन पक्ष गृहीत धरलेले आहेत. जो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर, त्याला त्यांत जागा नव्हती. ही उणीव कांहीं अंशीं भरून काढण्यासाठीं १९६८ सालीं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना आली. पी.पी.एफ. या नांवानें ती आज घरोघर माहीत आहे. हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानापुढेंच उभा राहिला असें नाहीं. अमेरिकेंत १९६२ सालीं स्वतंत्र व्यावसायिकांच्या निवृत्तीसाठीं प्रथम कायदा झाला, तेव्हां वर्षाला उत्पन्नाच्या शेंकडा १० किंवा २,५०० डॉलर, यांपैकीं जें कमी असेल तितकेंच भरण्याची परवानगी होती. म्हणजे तेथेंहि या तरतुदीचें दार उघडलें तें मर्यादेसह उघडलें.

ही मर्यादा घालण्याचें कारण सरळ आहे. अशा खात्यांत पैसे भरणारास सरकार दोन गोष्टी देतें. एक, भरलेल्या रकमेवर अथवा तिच्या व्याजावर कर सोडून देतें, दुसरी, पी.पी.एफ. सारख्या योजनेंत मुद्दल व व्याज यांची हमी स्वतः घेतें. कर सोडणें म्हणजे सार्वजनिक तिजोरींतून देणेंच होय. त्याला सीमा नसती तर ज्याच्याजवळ मुळांतच विपुल आहे त्यानें सगळी संपत्ति त्या छपराखालीं आणून ठेवली असती, आणि म्हातारपणच्या नांवाखालीं श्रीमंतांस करमाफी मिळाली असती. म्हणून वर्षाचें एक माप ठरवून दिलेलें असतें. पी.पी.एफ. मध्यें तें माप कांहीं काळ ७०,००० रुपये होतें. २०११ च्या डिसेंबरांत तें १ लाख झालें आणि २०१४ च्या ऑगस्टांत दीड लाख. खालचें माप वर्षाला ५०० रुपयांचें आहे.

या मापाचे कांहीं बारकावे धंदेवाइकानें ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. खातें एका व्यक्तीच्या नांवें असतें; तें दुकानाच्या नांवें उघडतां येत नाहीं, आणि २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या नांवेंहि नवें खातें उघडतां येत नाहीं. बापानें स्वतःच्या आणि अज्ञान मुलाच्या अशा दोन्ही खात्यांत भरलेली रक्कम मिळून दीड लाखाची मर्यादा मोजली जाते. अधिक भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाहीं. पत्नीचें खातें मात्र सर्वस्वीं निराळें आणि तिची मर्यादाहि निराळी. ज्या दुकानांत पत्नी दिवसभर गल्ल्यावर बसते आणि कागदोपत्रीं तिचें नांव कोठेंच नसतें, त्या घरीं ही गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. दुसरा बारकावा व्याजाचा. महिन्याच्या पांच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी कमींत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचें व्याज मोजतात. म्हणून सहा तारखेस भरणाऱ्याचें एका महिन्याचें व्याज बुडतें. तिसरी गोष्ट व्यापाऱ्यास सर्वांत मोलाची आहे. धंद्यांत खोट येऊन न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी धनकोला या खात्यावर जप्ती आणतां येत नाहीं. दुकान, माल, वाडा हीं सगळीं धंद्याच्या भोंवऱ्यांत सांपडूं शकतात. हें एक खातें त्या भोंवऱ्याबाहेर राहतें.

दुसरा मार्ग राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा. ही योजना २००४ सालीं केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठीं सुरू झाली आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुली झाली. येथें सरकारची व्याजाची हमी नाहीं. पैसे रोखे व भाग यांत गुंतविले जातात आणि बाजाराप्रमाणें वाढतात किंवा घटतात. अखेरीस जमलेल्या रकमेचा ठराविक हिस्सा मासिक वेतनासाठीं ठेवावा लागतो. हमी नाहीं म्हणून भरण्यास वरची मर्यादाहि नाहीं; मर्यादा आहे ती करसवलतीस. पगारदारास ही सवलत पगाराच्या शेंकडा १० पर्यंत, तर स्वतंत्र व्यावसायिकास एकूण उत्पन्नाच्या शेंकडा २० पर्यंत दिलेली आहे. २०१७ च्या अंदाजपत्रकापूर्वीं त्यालाहि शेंकडा १० च होते. त्याच्यासाठीं भर घालणारा मालक नसतो, म्हणून हें प्रमाण वाढविण्यांत आलें.

उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. ज्या वकिलाचें एकूण उत्पन्न ४ लाख आहे, त्याची सवलतीची सीमा ८० हजार रुपयांची. ज्या डॉक्टराचें उत्पन्न १५ लाख आहे, त्याचे शेंकडा २० म्हणजे ३ लाख होतात. परंतु वर आणखी एक झांकण आहे, तें दीड लाखाचें. पी.पी.एफ., आयुर्विम्याचा हप्ता, मुलांचें शिक्षणशुल्क आणि ही निवृत्तिवेतनाची वर्गणी या सर्वांची सवलत त्या एकाच दीड लाखांत बसवावी लागते. निव्वळ या योजनेसाठीं आणखी ५० हजारांची स्वतंत्र सवलत २०१५ च्या अंदाजपत्रकानें दिली.

परंतु हा सर्व हिशेब प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीचा आहे. २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच सर्वसाधारण ठरविण्यांत आली, आणि तींत स्वतः भरलेल्या वर्गणीवर यांपैकीं कोणतीहि सवलत नाहीं. मालकानें नोकराच्या निवृत्तिवेतन खात्यांत घातलेली भर मात्र ठराविक प्रमाणापर्यंत नव्या पद्धतींतहि करमुक्त आहे. म्हणजे ज्याला मालक आहे त्याची एक वाट उघडी राहिली आणि ज्याला मालक नाहीं त्याची बंद झाली. जुनी पद्धत निवडण्याची मुभा धंदेवाइकास आहे. पण पगारदाराप्रमाणें त्याला ती निवड दरसाल बदलतां येत नाहीं. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच पडत नाहीं. तेव्हां माजलगांवच्या दुकानदारापुढें कर वांचविण्याचें आमिष आतां उरलेलें नाहीं. अनेक घरांत बचत होत होती ती मार्च महिन्यांत कर सल्लागारानें सांगितलें म्हणून. आतां तो सांगणार नाहीं. म्हातारपण मात्र करसवलत गेली म्हणून टळत नाहीं.

येथें या मर्यादांतील खरी अडचण दिसूं लागते. दीड लाखाचें माप वर्षाचें आहे, आणि या वर्षीं रिकामें राहिलेलें माप पुढल्या वर्षीं भरून काढतां येत नाहीं. महिन्याला बांधीव पगार मिळणारास याचें कांहींच वाटत नाहीं. त्याचें एक वर्ष दुसऱ्यासारखेंच असतें. परंतु बालाघाटाच्या डोंगरांतील आणि सिंदफणेच्या कांठच्या माणसाचें उत्पन्न पावसावर चालतें. २०१२, २०१५ आणि २०१८ या सालांत मराठवाड्यांत पावसानें दगा दिला, तेव्हां नुसतें शेतच करपलें नाहीं. मोंढ्यांतील उलाढाल बसली, कापड दुकानांतील उधारी थकली, शिंप्याचें यंत्र थांबलें. अशा वेळीं एखाद्या आडत्याची दोन वर्षें कोरडीं गेलीं आणि तिसऱ्या वर्षीं त्याच्या हातीं साडेचार लाख शिल्लक राहिली असें धरूं. लेखनिकानें तीन वर्षांत दरसाल दीड लाख याप्रमाणें तितकीच रक्कम भरली असती. आडत्याला मात्र तिसऱ्या वर्षीं दीड लाखच भरतां येईल. तीन लाख बाहेर राहतील. दोघांची बचत सारखी. पण नियम एकाच्या चालीनें बेतलेला आहे आणि दुसऱ्याची चाल त्यांत बसत नाहीं.

बाहेर राहिलेल्या या तीन लाखांचें पुढें काय होतें, याचा कटु अनुभव बीड जिल्ह्यानें घेतला आहे. बँकेपेक्षां बरेंच अधिक व्याज देऊं म्हणणाऱ्या आणि कितीहि रक्कम स्वीकारणाऱ्या बहुराज्य पतसंस्थांत, लोकांच्या बोलण्यांतल्या ‘मल्टिस्टेट’मध्यें, अनेकांनीं आयुष्याची पुंजी ठेवली. २०२३ मध्यें त्यांपैकीं कांहींचे व्यवहार ठप्प झाले आणि ठेवीदारांवर मोर्चे काढण्याची पाळी आली. बँकेंतील ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे, आणि तें सहकारी बँकांसहि लागू आहे. पतसंस्थेला तें नाहीं. नांवें सारखीं वाटल्यामुळें हा भेद पुष्कळांच्या लक्षांत आला नाहीं. जेथें हमी आहे तेथें हमी देणारा आपल्या देण्यास मर्यादा घालतोच. जेथें कोणी मर्यादा घालीत नाहीं आणि व्याज मात्र चढें सांगतो, तेथें हमी कोणाची, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारावयास हवा.

आतां खालच्या पायरीकडे पाहूं गेल्यास मर्यादेचें रूप निराळें दिसतें. ऊसतोड कामगारास दीड लाखाच्या मर्यादेचें सुखहि नाहीं आणि दुःखहि नाहीं. त्याची उचल हंगामापूर्वींच मुकादमाकडून घेतलेली असते आणि ती फेडण्यांत हंगाम जातो. त्याच्यासाठीं महत्त्वाची मर्यादा वयाची. २०१५ सालीं सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेंत १८ ते ४० वर्षांच्या माणसालाच प्रवेश आहे, आणि साठीनंतर महिना १ हजार ते ५ हजार रुपयांपर्यंतचें वेतन मिळतें. ५ हजारांचें वेतन हवें असल्यास अठराव्या वर्षीं येणारास महिना २१० रुपये पडतात, तिसाव्या वर्षीं ५७७ आणि चाळिसाव्या वर्षीं १,४५४. वेतन तेंच, उशीराची किंमत जवळजवळ सातपट. हप्ता महिन्याला, तिमाहीस किंवा सहामाहीस भरतां येतो, आणि हंगामी कमाईच्या माणसाला सहामाहीची सोय फार उपयोगी आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांस मात्र २०२२ च्या ऑक्टोबरापासून या योजनेंत नव्यानें येतां येत नाहीं.

२०१९ सालीं असंघटित श्रमिकांसाठीं आलेल्या श्रमयोगी मानधन योजनेंतहि वयाची अट १८ ते ४० अशीच ठेवण्यांत आली, आणि मासिक उत्पन्न १५ हजारांहून अधिक नसावें अशी जोड दिली गेली. तींत अठराव्या वर्षीं महिना ५५ रुपये आणि चाळिसाव्या वर्षीं २०० रुपये भरावयाचे, सरकारनें तितकीच भर घालावयाची आणि साठीनंतर महिना ३ हजार रुपये द्यावयाचे, अशी रचना केली गेली. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठीं आणि लहान व्यापाऱ्यांसाठींहि अशाच योजना त्याच वर्षीं निघाल्या. ज्याला मालक नाहीं त्याच्या ताटांत भर घालणारा दुसरा हात येथें दिसला. मात्र तो व्यक्तीगणिक आहे. कोयत्याचा हिशेब नवराबायको मिळून एक असा होतो. निवृत्तिवेतनाचा हिशेब तसा नाहीं, म्हणून दोघांचीं नांवें वेगवेगळीं नोंदवावीं लागतात.

एकंदर विचार केला तर रुपयांच्या मर्यादेपेक्षां वर्षांची मर्यादा अधिक कठोर आहे. २०२० च्या एप्रिलांत पी.पी.एफ. च्या व्याजाचा दर शेंकडा ७.१ ठरला, तो कायम राहील असें मानून हिशेब करावा. पस्तिसाव्या वर्षापासून दर एप्रिलच्या आरंभीं २४ हजार रुपये भरणारानें पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर खातें पांच-पांच वर्षांनीं दोनदां वाढविलें, तर साठाव्या वर्षीं सुमारें १६ लाख ४९ हजार रुपये होतात. तोच गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षीं जागा झाला आणि दुप्पट, म्हणजे ४८ हजार, भरूं लागला, तरी साठाव्या वर्षीं सुमारें १३ लाखच जमतात. पहिल्यानें एकंदर ६ लाख भरले, दुसऱ्यानें ७ लाख २० हजार. अधिक भरूनहि दुसरा मागेंच राहिला. आणि जो पहिल्यापासून दीड लाखच भरूं शकला असता, त्याला तर उशीरा दुप्पट भरण्याची मुभाहि नाहीं.

यावरून स्वतंत्र धंदेवाइकानें आपल्यापुरते दोन-तीन नियम बांधून घ्यावेत. कारखाना लेखनिकाच्या पगारांतून जें आपोआप कापतो, तें त्यानें स्वतःच्या गल्ल्यांतून स्वतः कापावें. मोंढ्यांत सुगीचा पैसा आला कीं घरांत जाण्यापूर्वींच एक भाग बाजूस पडावा. चांगल्या वर्षीं हमीच्या खात्याचें माप पुरें भरावें आणि तें भरून उरलेली शिल्लक, तीहि बाजाराची चढउतार सोसण्याची तयारी असेल तेवढीच, निवृत्तिवेतन योजनेंत घालावी. वाईट वर्षीं खातें मरूं देऊं नये, पी.पी.एफ. ला ५०० रुपये आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यास १,००० रुपये एवढ्यानें वर्ष निभतें. चुकून पी.पी.एफ. खातें बंद पडलेंच, तर मुदतीच्या आंत दर चुकलेल्या वर्षाचे ५०० व दंडाचे ५० रुपये भरून तें पुन्हां चालू करतां येतें. मुलीच्या लग्नासाठीं किंवा दुकानाच्या वाढीसाठीं या पैशाला हात लावण्याचा मोह होईल. नियमानें कांहीं वर्षांनंतर अंशतः उचल मिळतेहि. पण ती घेतांना ती कोणाच्या वाट्यांतून जाते याचें स्मरण असावें. ती साठी ओलांडलेल्या त्याच माणसाच्या वाट्यांतून जाते, आणि त्या वेळीं त्याला परत देणारें कोणी नसतें.

बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळांत बांधलेली खजाना विहीर आहे. दुष्काळांतहि ती आटत नाहीं अशी तिची ख्याति आहे. त्या विहिरींत दुष्काळाच्या वर्षीं पाणी निर्माण होत नाहीं. चांगल्या पावसाच्या वर्षीं जमिनींत मुरलेलें पाणीच भुयारी वाटांनीं तिला येऊन मिळतें. पाऊस किती पडावा हें कोणाच्या हातीं नाहीं. पडलेल्या पावसाला वाट करून देणें मात्र ज्याचें त्याच्या हातीं आहे, आणि ती वाट पाऊस पडण्यापूर्वींच खणून ठेवावी लागते.